वीतभर उजेड

"माझा डोळा गेलाय असंच म्हणायचंय ना साहेब? मग सरळ म्हणून टाका की. डबक्यात म्हैस बसल्यासारखं मघापासून एकाच जागी काय घोळताय?"

"अक्का, तसं मी म्हटलंय का कुठं? मी एवढंच म्हणतोय, दोन महिन्यांत तीनदा फरक पडला."

"म्हणजे तेच."

"नियम माझ्या घरचा नाही. तीनदा फरक पडला की नजर तपासायची. माझ्या जागी तुम्ही असता तरी तेच केलं असतं."

"आणि मशीनच चुकलं असेल तर?"

साहेबांनी कानाची पाळी चोळली. "मशीन कसं चुकेल? त्याचं ना पोट दुखत, ना त्याला घरची काळजी."

"माझ्या घरी तरी कोण बसलंय काळजी करण्यासारखं," अक्का म्हणाली. "तुम्ही आपलं जावईबापूंचं ऐका. त्यांच्यापुढं आमचं काय चालणार."

जावईबापू म्हणजे ते मशीन. हिरा आत ठेवला की मिनिटभरात त्याचा रंग सांगणारं. दोन महिन्यांपूर्वी ते लॅबमध्ये आलं. आलं त्या दिवशी त्याच्यासाठी टेबल धुऊनपुसून ठेवलं, भिंतीतून वेगळी वायर ओढली, वर कापडाची झूल चढवली आणि त्याच्या आसपास पाण्याची बाटलीसुद्धा न्यायची नाही अशी सगळ्यांना ताकीद मिळाली. तेव्हा अक्काच म्हणाली होती, हे मशीन कुठलं, हे जावई आलेत. नाव चिकटलं. साहेबसुद्धा हसले होते.

"सोमवारी सकाळी दहा दगड मांडतो," साहेब म्हणाले. लॅबमध्ये हिऱ्याला दगडच म्हणतात. "दहाही आधी पक्के झालेले. एकात फरक पडला तर चालेल, माणूस आहे. दोनांत पडला तर मग तुम्हाला पुड्यांच्या टेबलावर बसावं लागेल. पगार तोच राहील."

"पगाराचं मी विचारलंय का काही?"

"नाही."

"मग."

साहेबांना चिमटा धरायला अक्कानंच शिकवलेलं. ते दोघांनाही आठवत होतं, आणि दोघांनीही ते काढलं नाही.

पुड्यांचं टेबल दारापाशी आहे. तिथं कागदाला घड्या घालून तपासलेल्या हिऱ्यांच्या पुड्या बांधायच्या आणि वर वजन लिहायचं. काम वाईट नाही. पण पुड्या बांधणाराला कोणी विचारत नाही की बाबा, तुला काय दिसलं. अक्काचं सगळं आयुष्य या एका प्रश्नावर उभं होतं, आणि तो तिला विचारणारी जगात ही एकच खोली होती.

त्या खोलीचं काम असं. हिऱ्याची किंमत चार गोष्टींवर ठरते. वजन, घडण, आतली स्वच्छता आणि रंग. वजन काट्यावर कळतं. घडण मापून कळते. आत डाग आहे का, भेग आहे का, हे भिंगातून दिसतं. रंगाचं प्रकरण वेगळं, कारण रंग बघायचा म्हणजे खरं तर रंग नसणं बघायचं. डी म्हणजे जराही झाक नसलेला. मग ई, एफ, जी, एच असं उतरत जायचं. प्रत्येक अक्षराला पिवळेपणा इतका बारीक वाढतो की तुमच्याआमच्या डोळ्याला डी काय आणि एच काय, दोन्ही सारखीच काच. पण एका अक्षरानं किंमत कुठल्या कुठं जाते.

म्हणून टेबलावर नमुन्याच्या हिऱ्यांची ओळ असते, प्रत्येक अक्षराचा एकेक. पांढऱ्या कागदाच्या पन्हळीत त्यांच्याशेजारी आलेला दगड ठेवायचा, तोही पालथा. तोंडाकडून बघितलं तर तो चमकून थापा मारतो. पाठीकडून बघितलं की खरं काय ते सांगतो. नमुन्याच्या डावीकडे ठेवून बघायचं, उजवीकडे ठेवून बघायचं. उजेड फक्त टेबलावरच्या ठरलेल्या दिव्याचा. भिंती करड्या, अंगावर करडा कोट, नखाला रंग नाही, कपाळाला नाही, कारण पांढऱ्या पन्हळीत कशाचीही सावली पडते.

एक दगड दोघांनी बघायचा, आणि दोघांनी एकमेकांशी त्याबद्दल बोलायचं नाही. जे दिसलं ते अक्षर चिठ्ठीवर लिहायचं आणि पेटीत टाकायचं. पेटीतली चिठ्ठी परत काढता येत नाही. अक्षरं जुळली तर जुळली, नाहीतर तिसऱ्यानं बघायचं. विचारायचं नाही, सांगायचं नाही. हा नियम पहिल्या दिवशी शिकवतात.

अक्कानं तो नियम घरीही नेला, म्हणजे अर्धाच नेला. विचारणं सोडलं, पण सांगणं सुटलं नाही. एकदा तिच्या वहिनीनं जेवताना हात पुढं केला आणि कौतुकानं म्हणाली, "बघा तरी माझी अंगठी. तुमच्या भावानं घेतली, वीस वर्षांनी का होईना." अक्कानं पर्समधून भिंग काढलं, खिडकीपाशी गेली, बघितलं आणि ताटावर परत येऊन म्हणाली, "के आहे. पोटात काळा ठिपका आहे, पण कडेला आहे, पकडीखाली झाकलाय. घडण बरी आहे." तिच्या हिशेबानं ते कौतुकच होतं. घडण बरी आहे असं ती महिन्यातून चारदा म्हणत नसे. वहिनीनं हात मागं घेतला आणि वाटीतलं दही उगाच ढवळत राहिली. भाऊ म्हणाला, "ताई, तुला कोणी विचारलं होतं का?" त्यावर अक्का म्हणाली, "तिनंच तर विचारलं." ते बोलणं तिथं थांबलं आणि बोलावणंही. आता नात्यातल्या बायका ती दिसली की अंगठ्या आतल्या बाजूला फिरवतात असं लोक सांगतात. खरं असावं.

लॅबमधला तिचा जोडीदार, म्हणजे तोच दगड बघणारा दुसरा डोळा, तिच्या पाठीला पाठ लावून बसायचा. खोली लांबट. भिंतीकडच्या टेबलावर ती, खिडकीकडच्या टेबलावर ते. चोवीस वर्षं. ती त्यांना पाठीमागचे म्हणायची. त्यांची कॉलर मागून झिजलेली असायची, खोकला कोरडा होता, आणि अक्षर लिहायच्या आधी ते चिमटा दोनदा टेबलावर टिचकावायचे. तोंडापेक्षा पाठच ओळखीची. सकाळी आले की खिडकीचा करडा पडदा खालपर्यंत पाडायचे, मग कोट चढवायचे. भर दुपारीसुद्धा त्यांच्या बाजूला दिव्याशिवाय उजेड नसायचा. लॅबची पोरं त्यांना घुबड म्हणायची. अक्काला वाटायचं, असेल माणसाला उजेडाचं वावडं. विचारलं नाही.

ते निवृत्त झाले तेव्हा एक भाषण झालं, एक शाल दिली गेली. जाताना ते तिच्या टेबलापाशी आले. "येतो मग," म्हणाले. "या," अक्का म्हणाली. चोवीस वर्षांचं एवढंच. ते मुलीकडे राहायला गेले, दुसऱ्या गावी.

त्यांच्या बदल्यात मशीन आलं. त्याला भिंतीतली वीज हवी, म्हणजे अक्काचं टेबल हवं. साहेब तिला दुसरीकडे टेबल टाकून देणार होते. पण ती म्हणाली, "मी मागच्या टेबलावर बसते." नोकरीत तिनं स्वतःहून काही मागितल्याची ही पहिली वेळ. का मागितलं ते तिलाही धड सांगता आलं नसतं. पाठीमागं रिकामी खुर्ची ठेवून बसण्यापेक्षा आपणच तिच्यात बसावं, असं काहीतरी असेल. खुर्ची डावीकडे डुगडुगत होती. तिनं कागदाची घडी करून पायाखाली सारली, तर तिथं आधीच एक जुनी घडी चेपून बसलेली.

आणि तिसऱ्या दिवशी तिनं पडदा वर केला. सगळा नाही, खालून एक वीत. करड्या खोलीत चोवीस वर्षं काढलेल्या बाईला बाहेर काय आहे ते बघावंसं वाटलं, यात काही विशेष नाही.

बाहेर बोळ होता आणि बोळापलीकडे एक गच्ची. गच्चीवर जिन्याच्या खोलीची चुन्यानं रंगवलेली पांढरी भिंत आणि तिच्यापुढं दोऱ्या. रोज साडेदहाच्या सुमाराला एक बाई कपडे वाळत घालायला यायची. पिवळा झगा. पोराचा हिरवा स्वेटर, एक बाही दुसरीपेक्षा लांब. लाल ठिपक्यांची उशीची खोळ. आणि रोज, न चुकता, एक जाड तपकिरी रजई. घरात कोणीतरी म्हातारं असावं, रात्री अंथरूण ओलं करणारं. बाई ती रजई दोरीवर टाकताना दर वेळी कमरेवर हात ठेवून क्षणभर थांबायची, जसं काही रजई तिला उलट बोलली होती. अक्का दोन दगडांच्या मधे डोळा विसावायला तिकडं बघायची. रंगांनी दमलेल्या डोळ्याला करडं बघायचं असतं, हे ती इतरांना शिकवायची. स्वतः मात्र रंग बघत होती. त्या बाईला अक्का दिसत नव्हती, आणि अक्कालाही ते बरं वाटत होतं. तरी एक दिवस बाई उशिरा आली, तर अक्कानं अकरापर्यंत तीन वेळा घड्याळ बघितलं.

त्याच दोन महिन्यांत तो फरक पडला. तीन दगड, वेगवेगळ्या आठवड्यांतले. अक्कानं एफ लिहिलं, जावईबापूंनी एच सांगितलं. तिसऱ्यानं बघितलं, तर तोही एच. तिन्ही वेळा तसंच.

शनिवारी ती डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी थेंब घातले, हनुवटी टेकवायला लावली, उजेड मारला.

"वयाप्रमाणे भिंग जरा पिवळं झालंय."

"कुठलं भिंग?"

"डोळ्यातलं. आत एक भिंग असतं ना, ते."

"अक्षर द्यायचं तर कुठलं द्याल?"

"अं?"

"काही नाही. काम करता येईल का?"

"काम काय करता तुम्ही?"

"पांढरं आणि त्याहून पांढरं यातला फरक सांगते."

डॉक्टरांनी तिच्याकडं नीट बघितलं, मग कागदावर लिहिलं की मोतीबिंदूची सुरुवात आहे, दोन-तीन वर्षं घाई नाही, नेहमीची कामं चालतील. नेहमीची कामं म्हणजे कोणाची, ते त्यात नव्हतं.

रविवारी दुपारी तिनं स्वतःची परीक्षा घ्यायची ठरवलं. घर दोन खोल्यांचं. बरीच वर्षं पांढरंच आणत गेल्यामुळे घरात पांढऱ्याला तोटा नव्हता. तिनं पलंगावर सगळं काढलं. उशीच्या खोळी, टॉवेल, रुमाल, जुनी चादर, नवी चादर, पडद्याचा उरलेला तुकडा. अकरा नग. सगळ्यांत पांढऱ्यापासून सगळ्यांत पिवळ्यापर्यंत ओळ लावली. मग डोळे मिटून सगळं कालवलं आणि पुन्हा लावली. ओळ जशीच्या तशी आली. तिला हायसं वाटलं. मग ध्यानात आलं की टॉवेल कुठला आणि खोळ कुठली हे तिच्या हातालाच कळत होतं, डोळ्याचं त्यात काही नव्हतं. परीक्षा फुकट गेली. दुसऱ्या कोणीतरी कालवायला हवं होतं, किंवा दुसऱ्या कोणीतरी ओळ तपासायला. घरात दुसरा डोळा नव्हता.

ती त्या पांढऱ्या ढिगाशेजारी बसून राहिली. दगड पालथा घालून बघावा तशी स्वतःच्या चुकीकडं बघायला लागली. डोळा पिवळा झाला असेल तर मग नमुन्याचा दगडही पिवळाच दिसणार, दोन्ही सारखे. मग फरक ओळखता येणार नाही, आज एक अक्षर वर, उद्या एक अक्षर खाली. खराब डोळा दोन्हीकडं चुकतो. आपण तिन्ही वेळा एकाच बाजूला चुकलो. पिवळ्याला पांढरं म्हटलं, तेही दोन अक्षरांनी. असं का? याच्यापुढं तिला जाता आलं नाही. तिनं कपड्यांच्या घड्या घातल्या आणि कपाटात ठेवल्या.

सोमवारी साडेदहाला दहा पुड्या टेबलावर मांडलेल्या होत्या. साहेब दारापाशी खुर्ची टाकून बसले, हातात कागद, पण बघत होते तिच्याकडं. पुड्या बांधणारी मुलगी मान खाली घालून घड्या घालत होती आणि एकेक घडी दोनदा घालत होती.

"सावकाश होऊ द्या, अक्का."

"तुम्ही तोंडाकडं बघत बसू नका म्हणजे होईल."

पहिला दगड. जी. दोन्ही बाजूंनी जी. चिठ्ठी लिहिली, पेटीत टाकली. दुसरा. हा जरा ओढत होता. एफच्या डावीकडं एफ, उजवीकडं एफपेक्षा थोडा उजळच. एफ लिहिलं, टाकलं. तिसरा आय, त्याला वेळ लागला नाही. तिसरा दगड पुडीत परत घालताना तिनं बाहेर बघितलं. गच्चीवर बाई आली होती. पिवळा झगा दोरीवर गेला होता, रजई जात होती. बाई कमरेवर हात ठेवून थांबली.

चौथा दगड तिनं पन्हळीत पालथा घातला. एचच्या शेजारी. एच. उजवीकडं घेतला. एच. चिठ्ठी घेतली, पेन उघडलं, आणि सवयीनं एकदा शेवटचं बघितलं.

एफ होता.

तिनं चिमटा टेबलावर ठेवला. दगड तिनं हलवला नव्हता. नमुना हलवला नव्हता. दिवा तोच. दगड काही सरड्यासारखा रंग बदलत नाही. म्हणजे डोळाच. तिच्या कानशिलाशी गरम झालं. हे असं होतं तर, तिला वाटलं, असा जातो डोळा, चिठ्ठी लिहिता लिहिता. तिनं मान वर केली, कुठंतरी बघायचं म्हणून बाहेर बघितलं.

दोरीवरून रजई गेली होती. बाईनं ती ओढून काढून कठड्यावर उलटी टाकली होती, लवकर वाळावी म्हणून. आणि रजईमागची चुन्याची भिंत आता सगळी उघडी होती. साडेदहाचं ऊन तिच्यावर सरळ पडत होतं आणि तिथून उडून बोळ ओलांडून वितीएवढ्या फटीतून आत येत होतं. डोळ्याला ते जाणवतही नव्हतं. दिव्यापुढं ते काय जाणवणार.

अक्का उठली आणि पडदा खालपर्यंत पाडला. परत बसली, दगडाकडं बघितलं. एच.

पडदा वीतभर वर केला. एफ.

पाडला. एच.

"काय करताय?" साहेब दारातून म्हणाले.

"बघतेय," ती म्हणाली. "बोलू नका."

काही हिरे असे असतात. शंभरात चारदोन. काळा दिवा म्हणून एक दिवा असतो, त्याचा उजेड डोळ्याला दिसत नाही. त्याच्याखाली धरले की हे हिरे निळे पेटतात. उन्हातही तोच न दिसणारा उजेड असतो. असा हिरा उन्हाच्या वाऱ्यालाही आला तरी आतून जरासा निळा होतो, आणि निळ्यानं पिवळं मारलं जातं. पिवळट दगड पांढरा दिसतो. म्हणून रंग बघणाराच्या टेबलावर बाहेरचा उजेड येऊ द्यायचा नसतो. कुठला हिरा पेटतो ते काळ्या दिव्याच्या टेबलावरचा माणूस रंग लिहून झाल्यावर बघतो, रंगवाल्याला ते आधी कळू देत नाहीत. हे सगळं पहिल्या आठवड्यात शिकवतात. अक्कानं स्वतः किती जणांना शिकवलेलं. पण भिंतीकडं बसणाराला ते नुसतं पाठ असतं, चोवीस वर्षं भिंतीकडं उजेड येतच नाही.

चौथ्याला तिनं एच लिहिलं. मग उरलेले सहा, पडदा पाडून, एकापाठोपाठ एक. मधे डोळा विसावायला करड्या पडद्याकडं बघत होती.

साहेबांनी पेटी उघडायला घेतली तशी ती म्हणाली, "थांबा. दुसरा चुकला असेल. तो दोन बाजूंनी दोन दिसत होता, आणि तेव्हा पडदा वर होता. मी एफ लिहिलंय, तो एच असणार, फार तर जी. पुडी काळ्या दिव्याखाली न्या. निळा पेटेल."

"न बघता सांगताय?"

"न्या तर."

साहेब घेऊन गेले आणि परत आले. दुसऱ्याच्या कागदावर एच होतं, आणि दगड मोरपिसासारखा निळा पेटला होता. बाकी नऊ जुळले.

"ते तीनही काढा," अक्का म्हणाली. "मागचे. तेही पेटले असतील, त्यांच्या कागदावर लिहिलं असेल."

लिहिलं होतं. साहेब बराच वेळ कागद खालीवर करत राहिले. "म्हणजे मशीन..."

"तिन्ही वेळा बरोबर होतं. माझं चुकलं. डोळा नाही, मी. पडदा मी उघडा ठेवला." पुड्या बांधणाऱ्या मुलीनं पहिल्यांदा वर बघितलं. "जावईबापूंना सांगा, म्हातारी सासू माफी मागतेय."

साहेब हसले, मग हसणं आवरून म्हणाले, "खिडकी नकोच. तुमचं टेबल पलीकडच्या भिंतीला हलवू. झंझट नको."

"नको. इथंच बसते. पडदा पाडते की."

"अंधार वाटेल."

"पाठीमागचे बसायचेच ना."

दुपारच्या सुट्टीत सगळे खाली गेले. अक्कानं डबा खाल्ला, आणि रोजच्यासारखी तो धुवायला उठली नाही. वहीतून नंबर काढला.

"कोण?"

"मी बोलतेय. लॅबमधून. अक्का."

"कोण अक्का?" मग कोरडा खोकला. "अच्छा. भिंतीकडच्या."

"मला भिंतीकडच्या म्हणायचा तुम्ही?"

"मनात. बोलायचं कुठं होतं आपलं."

"एक विचारायचं होतं."

"विचारा."

"पडदा का पाडून ठेवायचा तुम्ही?"

पलीकडं टीव्ही चालला होता, तो कोणीतरी बारीक केला. "समोर चुन्याची भिंत आहे. साडेदहा ते अकरा ऊन मारते. निळ्या दगडांना नाचवते. पहिल्या वर्षी दोनदा तोंडावर आपटलो, मग पाडायला लागलो."

"मला सांगितलं नाही कधी."

"तुमच्यापर्यंत येतच नव्हतं ते. आणि सांगायचं नाही असा नियम ना."

"नियम दगडाचा होता."

"ते झालंच," ते म्हणाले. "तुम्ही आपटलात की काय?"

"तीनदा. आज चौथ्यांदा."

"माझ्यापेक्षा दोन जास्त."

"पोरं तुम्हाला घुबड म्हणायची."

"ठाऊक आहे. तुम्ही?"

"एकदा म्हटलं असेल."

ते हसले, म्हणजे खोकले. मग म्हणाले, "सुट्टीत उघडायचो मी. तुम्ही डबा धुवायला जायच्या ना, तेवढा वेळ. तुम्ही आलात की पाडायचो. ती रजई असते का अजून?"

"असते."

"म्हणजे आहे म्हातारा."

"म्हातारी पण असेल."

"असेल. मी आपला म्हातारा धरून चाललोय." ते पुन्हा खोकले. "माझ्या जागी बसता का?"

"हो."

"डावा पाय हलतो खुर्चीचा. खाली कागद लावा."

"लावलाय. तुमच्याच्या वर."

"बरं." मागून कोणीतरी त्यांना हाक मारली. "ठेवतो मग."

"ठेवा."

तिनं फोन पर्समध्ये टाकला आणि पडदा वीतभर वर केला. गच्चीवर कोणी नव्हतं. कपडे वाळून कडक झाले होते, हिरव्या स्वेटरची लांब बाही वाऱ्यानं दोरीला गुंडाळली होती. रजई कठड्यावरच होती. जिन्यावर पावलं वाजायला लागली, लोक परत येत होते. तिनं आणखी थोडं बघितलं. मग पडदा पाडला, दोरी खिळ्याला दोन वेढे देऊन बांधली, दिवा लावला. नमुन्यांवरची धूळ पुसली, सकाळपासून राहिलेल्या ढिगातली वरची पुडी उलगडली, दगड पन्हळीत पालथा घातला आणि बघायला लागली.